ज्यांची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही

(पैठण येथे मुलांसाठी रविवारचे वर्ग सुरू करण्याच्या विचाराने जमलेल्या कार्यकर्त्यांपुढे अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मुख्य भाग.)



येथे पैठणला मुलांसाठी रविवारचे वर्ग सुरू करावेत, आणि त्यांत गोष्टी, गाणी, खेळ यांच्या जोडीला मुलांना आपल्या घराचा व आपल्या समाजाचा इतिहास सांगावा, असा तुमचा विचार आहे. वर्गात येणारी मुले सहा ते दहा वर्षांची असतील. बहुतेक शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, धरणग्रस्तांची. काही विणकरांची आणि काही दुकानदारांचीही. अशा मुलांना इतिहास सांगायचा म्हणजे नेमके काय सांगायचे, यावर मी बोलावे असा तुमचा आग्रह आहे. मी इतिहासाचा अध्यापक नव्हे. उभी हयात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. पण अर्थशास्त्राच्या माणसाला एक खोड लागलेली असते. समोर कोणतीही वस्तू आली की ती कोणाच्या श्रमातून झाली, ती आज कोणाच्या मालकीची आहे आणि उद्या वारसाने कोणाकडे जाणार, हे तीन प्रश्न तो आधी विचारतो. इतिहास ही देखील एक मालमत्ताच आहे आणि तिचीही वाटणी विषम झालेली आहे, असे माझे मत आहे.

या विषमतेचा पुरावा फार दूर शोधायला नको. या सभेत १ जून रोजी जन्मलेल्यांनी हात वर करावेत असे मी म्हटले, तर पन्नाशी ओलांडलेल्यांतले निम्मे हात वर होतील. माझाही होईल. आपण सारे एकाच दिवशी जन्मलो नाही हे उघड आहे. शाळा जूनमध्ये उघडे. आई सांगे, 'मोठ्या दुष्काळानंतरच्या पोळ्याला झाला'. आणि गुरुजी वर्षाचा अंदाज बांधून १ जून लिहून मोकळे होत. ज्यांच्या घरी पंचांग होते, पत्रिका मांडली जात होती, त्यांची तिथी, वार, घटका सारे नोंदले गेले. ज्यांच्या घरी नव्हते, त्यांच्या जन्माची पहिली नोंदच दुसऱ्याच्या सोयीने झाली.

कागदपत्रांचेही तेच. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरे त्यांनी उतरवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड प्रसिद्ध केली. त्यांच्या परिश्रमांपुढे नम्र व्हावे असेच ते काम आहे. परंतु दप्तर कोणाच्या माळ्यावर असणार? देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, इनामदार यांच्या. वतन होते म्हणून तंटे झाले, तंटे झाले म्हणून महजर झाले आणि महजर झाले म्हणून आजोबा-पणजोबांची नावे उरली. ज्याला वतनच नव्हते, किंवा गावची मेलेली ढोरे ओढणे हेच ज्याचे वतन होते, त्याच्या पणजोबाचे नाव कोणी कशाला लिहून ठेवावे? महार समाजात बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, ती कागदाच्या नव्हे तर तोंडाच्या आधारावर. बायकांनी तर जात्यावर बसून आपले सारे चरित्र ओव्यांत सांगितले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा कोठे ते दप्तर उजेडात आले.

'जुने कागद घेऊन काय करायचे आहे?' असे आपल्यातले काही तरुण विचारतात. त्यांनी तहसील कचेरीच्या ओट्यावर एक दिवस बसावे. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्ताला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याचा आजा पाल टाकून गावोगाव फिरला त्याने १९६१ पूर्वीचा दाखला कोठून आणावा, हा प्रश्न हे नियम करताना फारसा कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. आणि २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यावर तर सगळा मराठवाडाच निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदांतून 'कुणबी' हा एक शब्द शोधू लागला. आरक्षणाच्या त्या वादात मी येथे शिरत नाही. पण आजोबांचे नाव कोठे लिहिले आहे, यावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असू शकते, हे त्या वर्षी ज्यांच्या घरी वाडे होते त्यांनाही कळले.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील काळ्या लोकांनी हाच प्रश्न आपल्याहून अधिक कठोर स्वरूपात सोसला आणि त्यातून जी रीत काढली ती आपल्या कामाची आहे. १८५० आणि १८६० या दोन जनगणनांत तेथील गुलामांची वेगळी यादी केली गेली. तीत मालकाचे नाव आहे. त्याखाली वय, लिंग आणि रंग. गुलामाचे नाव मात्र नाही. मुक्तीनंतर १८७० साली त्या लाखो माणसांची नावे पहिल्यांदा जनगणनेत आली. म्हणून आजही तेथील काळे कुटुंब आपला वंश शोधू लागले की १८७० पाशी येऊन भिंतीला डोके आपटते. फ्रेडरिक डग्लससारखा थोर वक्ता गुलामीतून निसटला, जगभर नावाजला. पण आपला जन्म कोणत्या दिवशी झाला हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. त्याने १४ फेब्रुवारी ही तारीख स्वतःच ठरवून घेतली. आपला १ जून गुरुजींनी ठरवला एवढाच काय तो फरक.

या डग्लसची आणि लिंकनची जयंती ज्या आठवड्यात येते, तो आठवडा निवडून कार्टर वुडसन यांनी १९२६ साली काळ्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. वुडसन यांचे आईबाप गुलामीत जन्मलेले. ते स्वतः तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबले. संध्याकाळी निरक्षर खाणकामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत आणि त्यांच्या आठवणी ऐकत. पुढे १९१२ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. ज्यांच्याकडे दप्तर नाही त्यांचे दप्तर त्यांच्या तोंडात असते, हे ते ग्रंथालयात शिकले नाहीत, खाणीत शिकले. ५० वर्षांनी, १९७६ साली, त्या सप्ताहाचा महिना झाला. दुसरे गृहस्थ आर्तुरो शॉमबर्ग. पोर्तो रिको बेटावर लहानपणी त्यांना शिक्षकाने सांगितले की काळ्यांना इतिहास नसतो. या माणसाने मग जन्मभर कारकुनी करीत पुस्तके, पत्रे, चित्रे जमवली. त्याच १९२६ साली तो संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी विकत घेण्यात आला. वर्गात सहज बोललेल्या एका वाक्याचे वजन लहान मुलावर किती पडते, हे तुमच्यापैकी जे हे वर्ग चालवणार आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या चळवळीला हे नाते नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाची प्रत मागितली होती. डॉ. लोहिया १९६४ साली मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात शिरले आणि पोलिसांनी त्यांना अडकवले. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव दिले ते कोठून घेतले, हे सांगायला नको.

परंतु काळ्या माणसाचा इतिहास शोधायला मराठवाड्याच्या मुलाला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. तो येथून पन्नासएक किलोमीटरवर आहे. ज्या शहरात तुम्ही दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, कॉलेजासाठी जाता ते शहर एका हबशाने वसवले. १६१० साली खडकी या गावी मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी केली. त्याच्या मुलाच्या नावावरून त्याचे फत्तेनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नावाच्या वादावर गेल्या चाळीस वर्षांत जेवढी शाई आणि जेवढे रक्त सांडले, त्याच्या शतांशानेही शहर मुळात वसवणाऱ्याची आठवण कोणी काढली नाही.

हा माणूस १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. म्हणजे आपल्या एकनाथमहाराजांहून सुमारे १५ वर्षांनी लहान. पैठणच्या वाळवंटात नाथांनी उन्हात पोळणारे अस्पृश्याचे पोर उचलून कडेवर घेतले, ही कथा येथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्याच काळात समुद्रापलीकडचे एक पोर बाजारात विकले जात होते. आईबापांनी त्याचे नाव चापू ठेवले होते असे सांगतात. अरबस्तान, बगदाद असे हातोहात विकत ते दख्खनला आले. अंबर हे नाव मालकाने ठेवलेले. आपल्याला त्या शब्दाने आकाश आठवते. अरबीत अंबर हे एक सुगंधी द्रव्य. गुलामांना सुगंधांची, रत्नांची नावे देण्याची तेव्हा चाल होती: अंबर, काफूर, याकूत. विकत घेतलेल्या वस्तूला शोभेल असे नाव. मुलांना हे सांगा. नाव काढून घेतले जाणे म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाला लगेच कळते. त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारून पाहा.

अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तो स्वतःही हबशीच, आणि एकेकाळचा गुलाम. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. काही काळ विजापूरकडे राहिला, परत आला, आणि १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर बुडती निजामशाही त्याने आपल्या खांद्यावर तोलून धरली. १६२४ साली भातवडीला मोगल आणि विजापूर या दोघांच्या फौजांचा त्याने पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. शेतजमिनीची पाहणी करून पिकाच्या मानाने सारा ठरवण्याची त्याची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून गावोगाव ओळखली गेली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्याच्या लढायांपेक्षा ही पाहणी मोठी वाटते. भातवडी एका दिवसात संपली, मलिकंबरी त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात राहिली. आणि खडकीसाठी त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून खेळवत आणले. ती नहर-ए-अंबरी. चारशे वर्षांपूर्वी पंपावाचून, विजेवाचून, केवळ उताराच्या हिशोबाने एका शहराला पाणी मिळाले. आज त्याच शहराला आपल्या नाथसागरातून नळाने पाणी जाते आणि तरी तेथील आयाबाया ते काही दिवसांआड भरतात. या तुलनेवर महापालिकेच्या अभियंत्यांनी रागावू नये. लोकसंख्या वाढली आहे हे मलाही कळते.

१६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. २०२६ हे त्याच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष. खुलताबादचे नाव २०२५ साली देशभर गाजले ते दुसऱ्या एका कबरीवरून, आणि त्या वादाचे पर्यवसान मार्च महिन्यात नागपुरात दंगलीत झाले. त्याच गावात मोगलांशी जन्मभर झुंजलेला माणूस निजला आहे, याची आठवण दंगलीच्या बाजूच्यांना झाली नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही झाली नाही.

असे का व्हावे? याचे एक कारण सामाजिक आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत गुलाम शेतमळ्यावर राबवला गेला. त्याची मुलेही गुलाम. त्यांचा वेगळा समाज राहिला आणि त्या समाजाने पुढे आपला इतिहास मागितला. दख्खनमध्ये हबशी गुलाम मुख्यतः शिपाई म्हणून आला. मालक मेला की बहुधा मोकळा झाला, सरदार झाला, येथेच लग्न केले, येथल्या मुसलमान समाजात मिसळून गेला. कोठे कोठे त्यांच्या खुणा वेगळ्या राहिल्या. कोकणात जंजिऱ्याचे संस्थान सिद्दींकडे १९४८ पर्यंत होते. उत्तर कर्नाटकाच्या जंगलात सिद्दी आजही मजुरी करतात आणि त्यांना अनुसूचित जमातीत स्थान मिळायला २००३ साल उजाडावे लागले. ज्या हैदराबाद संस्थानात आपले आजे-पणजे रयत होते, त्याच्या राजधानीत निजामाच्या आफ्रिकी घोडदळाची एक वस्ती होती, ती ए. सी. गार्ड्स या नावाने अजून आहे. पण खुद्द मलिक अंबराचा वारसा सांगणारी जात नाही, पंथ नाही, मतदारसंघ नाही. ज्याच्या मागे मतांची संख्या नाही त्याची जयंती होत नाही, हा आपल्या लोकशाहीचा अलिखित नियम आहे. मग त्याचा वारस कोण? माझे उत्तर असे की ज्यांच्या पणजोबांची नावे कोठे लिहिली गेली नाहीत ती सारी मुले त्याची वारस आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसणारी वाड्यातली मुलेही. इतिहास रक्ताने उतरतो ही समजूत जातीव्यवस्थेची आहे. आपण ती स्वीकारण्याचे कारण नाही.

तेव्हा पहिले काम भाषेचे. आपल्या घरोघर काळ्या मुलाला, अधाशीपणे जेवणाऱ्या मुलाला 'हबशी' म्हणतात. नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा रंग पाहायला शेजारणी येतात. जहांगीर बादशहा रणांगणावर अंबराला कायमचा नमवू शकला नाही. त्याने आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, तीत तो अंबराच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे. आठवणी लिहितानाही त्याने अंबराचा उल्लेख रंगावरून शिव्या देऊनच केला. बादशहाची ती भाषा आपल्या स्वयंपाकघरात अजून चालते. वर्गात हा शब्द निघाला तर मुलाला रागावू नका. हबशी म्हणजे हबश देशाचा, आणि त्या देशाच्या एका माणसाने काय काय केले, हे सांगा. शब्द आपोआप धुतला जाईल.

दुसरे काम घरातले. पहिल्या रविवारी मुलांना एवढेच विचारून यायला सांगा: आजीचे माहेरचे नाव काय, आणि तिचे माहेर कोणत्या गावी? बापाकडची नावे मुलाच्या नावातच गुंफलेली असतात, आईकडची पुसली जातात. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचे नाव घातले ही चांगली गोष्ट झाली, पण आजीचे नाव अजून घरातच शोधावे लागते. अनेक मुलांना आजीचे नाव 'आजी' एवढेच माहीत असते. आणि पैठणमध्ये या प्रश्नाला आणखी एक धार आहे. पुष्कळ आज्यांची माहेरे पाण्याखाली आहेत. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झाले, आणि सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाण्याखाली शंभराहून अधिक गावांच्या जमिनी, घरे, पार, मसणवटे गेले. धरण नको होते असे मी म्हणत नाही. त्या पाण्यावर परभणीपर्यंतची शेते भिजली. पण त्या गावांची एक यादी, घरांच्या नकाशासह, कोठे सामान्य माणसाला पाहायला मिळेल अशी टांगलेली आहे काय? माझी आत्या अशाच एका गावी दिलेली होती. दुष्काळात पाणी हटले की ती काठावर जाऊन उभी राही आणि उघड्या पडलेल्या जोत्यांकडे बोट करून कोणाचे घर कोणते ते सांगे. ती गेली आणि तो नकाशाही गेला. अशी माणसे अजून दहा-वीस वर्षे भेटतील, नंतर नाहीत. मुलांना पाटीवर ते नकाशे काढू द्या: पार कोठे, आड कोठे, मारुती कोठे, आणि हेही विचारू द्या की महारवाडा कोठे होता, मांगवाडा कोठे, आणि त्यांचा पाणवठा कोणता. बुडालेले गाव सगळ्यांचे सारखेच रम्य नव्हते.

याच ठिकाणी मला एक इशारा द्यावासा वाटतो. मुलांना अभिमान वाटावा म्हणून दुःख गोड करून सांगण्याचा मोह होतो. २०२३ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या शिक्षणखात्याने अभ्यासक्रमात असे घातले की गुलामांनी जी कौशल्ये कमावली ती काही वेळा त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. त्यावर मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे बारा बलुतेदारांचे सुखी, स्वयंपूर्ण खेडे रंगवणारे पुस्तक निघाले तर गदारोळ होत नाही, हे आपले दुर्दैव. चामडे कमावणे हे ज्ञान होते, खरेच होते; ते मुलाला सांगावे. पण त्या ज्ञानाच्या मालकाला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, हेही त्याच दमात सांगावे. विणकराच्या मुलीला सांगावे की पैठणीच्या पदरावरचा मोर विणणाऱ्या तिच्या पणजीच्या अंगावर पैठणी असण्याचा संभव फार थोडा.

उलट बाजूचा मोहही टाळला पाहिजे. ॲलेक्स हेली यांचे 'रूट्स' १९७६ साली निघाले आणि लाखो काळी कुटुंबे आपली मुळे शोधू लागली. त्या पुस्तकाचे उपकार मोठे. पण वंशशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे त्यातील वंशावळीवर गंभीर आक्षेप घेतले आणि विरोधकांना साऱ्या खटाटोपालाच खोटे म्हणण्याची संधी मिळाली. म्हणून जेथे नाव सापडत नाही तेथे जागा कोरी ठेवावी. कोणत्याही मुलाच्या वंशावळीत राजा घुसडू नये. मलिक अंबरालाही संत करू नये. त्याच्याही पदरी विकत घेतलेले हबशी शिपाई होते आणि दरबारी कारस्थानांत त्याचेही हात रंगले. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगण्याची गरज नाही, पण त्याने विचारले तर नाही म्हणू नये.

वयाचा विवेक मात्र हवा. सहाव्या वर्षी नावे, वस्तू, गाव. नवव्या-दहाव्या वर्षी 'हे असे का' हा प्रश्न. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात ज्या वस्त्या जळाल्या, त्या वेळी मी विद्यार्थी होतो. त्या आठवणी बाराव्या-तेराव्या वर्षाआधी मुलापुढे मांडू नयेत असे माझे मत आहे. त्यानंतर मात्र त्या दडवू नयेत, मग १९९४ च्या १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव लागले तो दिवसही मुलाला नीट कळेल. काही कार्यकर्ते म्हणतील, मुलांच्या मनात द्वेष कशाला पेरायचा? ज्या मुलाला भोगणाऱ्याचे नाव कळते, पण ते भोग कोणत्या व्यवस्थेने लादले ते कळत नाही, त्याच्याच मनात द्वेष उरतो. तो मग शेजारच्या बाकावरच्या मुलालाच शत्रू समजतो. कारणे समजली की राग योग्य ठिकाणी जातो. म्हणून वर्ग एका वस्तीचा करू नका. देशमुखाचा नातू आणि ऊसतोड्याची मुलगी एकाच सतरंजीवर बसली पाहिजेत, आणि 'वाड्याचा दगड कोणी वाहिला?' हा प्रश्न दोघांनाही एकदमच ऐकू गेला पाहिजे.

ऊसतोडीवरून आठवले. दिवाळीनंतर तुमची निम्मी मुले कारखान्यांच्या फडावर असतील, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततील. वर्गाचे वेळापत्रक जूनपासून दिवाळीपर्यंत भरगच्च ठेवा आणि फडावर जाणाऱ्या मुलांच्या हाती एक वही द्या. कोपीत राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांनी विचारावे: पहिला फड कोणत्या साली, कोणत्या कारखान्यावर, उचल किती होती? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मोठ्यांच्या मोबाइलवर आवाज धरून ठेवावा. या तालुक्याचा आर्थिक इतिहास लिहायचा झाला तर मला त्या वह्या विद्यापीठाच्या प्रबंधांपेक्षा अधिक उपयोगी पडतील. आणि जमलेले सारे एका माणसाच्या घरी ठेवू नका. बाळासाहेब पाटलांनी सातवाहनांच्या मण्यांपासून, मृण्मूर्तींपासून जे जमवले ते आज पैठणच्या संग्रहालयात आहे म्हणून टिकले. माळ्यावर राहिले असते तर वाळवीने वा भंगारवाल्याने नेले असते. वह्यांच्या दोन प्रती काढा, एक वाचनालयात, एक शाळेत. मूळ कागद ज्याचा त्याला परत द्या, रेशनकार्ड आणि सातबारा तर त्याच दिवशी.

शेवटी सहलीचे. २०२६ साली चारशे वर्षे होतात म्हणून खुलताबादला मुलांना न्यावे, वाटेत नहरीचे अवशेष दाखवावेत, असे मी सुचवतो. कबरीपाशी भाषणे नकोत. मुलांना तेथे डबे खाऊ द्या आणि ज्याने शहराला पाणी आणले त्याची गोष्ट सांगा. चाळीस मुले आणि पाच-सहा मोठी माणसे धरली तर एस. टी.ची एक गाडी ठरवावी लागेल. आगारात आधी चौकशी करा. उन्हाळ्यात लग्नसराईमुळे गाड्या मिळत नाहीत, श्रावणात जमेल. पहिल्या दहा मुलांचे भाडे माझ्या निवृत्तिवेतनातून मी देतो. उरलेल्या तिसांचे तुम्ही आपसांत आजच ठरवा.